घर गंज पेठेत, शेत मांजरीला

मार्गशीर्षातला गुरुवार आहे. गंज पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी टोपली मांडून बसलेल्या मावशींना मान वर करायला फुरसत नाही. पाच झाडांचे डहाळे दोऱ्यानं बांधून ठेवलेत, शेवंती एकीकडे, झेंडू एकीकडे, वेण्या ओल्या फडक्याखाली. एक बाई वेणीचा भाव ऐकून थबकते. "परवा तर वीसला दिली होती."

"परवा मंगळवार होता," मावशी म्हणतात. बाई मुकाट्यानं पर्समधून पन्नासची नोट काढते.

टोपली ओलांडून पुढं गेलं की महात्मा फुले वाडा. टिंबर मार्केटकडं निघालेल्या हातगाडीला वाट देत मी भिंतीला चिकटून उभी राहते आणि वाड्याकडं बघते. पुण्यात वाडा म्हटलं की दिंडीदरवाजा, नगारखाना, तीन चौक डोळ्यांपुढं येतात. तसं इथं काहीच नाही. ठेंगणं कौलारू घर, लाकडी खांब, जाड भिंती. पेशवाईतल्या सरदाराचं हे घर नाही, मळेवाल्याचं आहे, आणि ते पहिल्या नजरेतच कळतं.

आत एक कुटुंब माझ्याआधीच पोचलेलं आहे. परभणीकडचं. धोतर-टोपीतले आजोबा, मुलगा, सून आणि आठ-नऊ वर्षांची नात. मुलगा-सून भिंतीवरच्या चित्रांपुढं फोटो काढत सरकतायत. नात प्रत्येक चित्राखालची ओळ मोठ्यानं वाचतेय, शाळेत धडा वाचावा तशी. आजोबा मात्र एकाही चित्रापाशी थांबत नाहीत. ते तडक विहिरीपाशी जातात, वाकून बघतात.

"पानी हाय की," ते स्वतःशीच म्हणतात. मग मला विचारतात, "किती हात असंल, ताई?"

मला माहीत नाही. झाडू मारणारा माणूस हसतो. "बाबा, इथं लोक येतात, फोटो काढतात. खोली विचारणारे तुम्हीच."

नात तेवढ्यात पळत येते. जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केला, हे तिला आजोबांना सांगायचंय. आजोबा ऐकून मान हलवतात. "आमच्या गावात आडावरून लई भांडणं झाली. माझ्या आज्याच्या वक्ताला." पुढचं सांगत नाहीत. नात पुढच्या चित्राकडं पळते.

आजोबांना घराण्याची हकिकत हवी आहे, चित्रांतली नव्हे, भावकीची. मला येते तेवढी मी सांगते. फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे, गावात चौगुलकी. कुलकर्ण्याशी वैर झालं, त्यात खून पडला आणि घराण्यानं गाव सोडलं, असं सांगतात. मग पुरंदरमधल्या खानवडीला मुक्काम. पुढं शेटिबा पुण्यात आला. राणोजी, कृष्णा आणि गोविंद ही त्याची तीन मुलं फुलांच्या धंद्यात शिरली. पेशव्यांच्या वाड्यावर फुलं, गजरे जाऊ लागले आणि त्या बदल्यात ३५ एकर जमीन इनाम मिळाली. गोऱ्ह्यांचे फुले झाले ते इथं. पण राणोजीनं इनाम एकट्याच्या नावावर करून घेतलं आणि धाकटे भाऊ कोरडे राहिले.

"थोरल्यानं सातबारा आपल्या नावावर केला म्हना की," आजोबा म्हणतात.

सातबारा तेव्हा नव्हता, पण म्हणणं खरं आहे. भाऊबंदकीचा हा अध्याय समजायला परभणीच्या शेतकऱ्याला पुस्तक लागत नाही.

गोविंदरावांनी मग आपल्या हिमतीवर फुलांचं दुकान आणि मळा चालवला. १८२७ साली जन्मलेला जोती याच मळ्यात वाढला. मध्येच शाळाही सुटली. कुणा कारकुनानं गोविंदरावांचे कान भरले, शिकून पोरगं कामातून जाईल म्हणून. मुलगा बापाबरोबर मळ्यात जाऊ लागला आणि रात्री दिव्याखाली वाचत बसू लागला. गफार बेग मुनशी आणि लिजिट साहेब या दोघांनी गोविंदरावांना समजावलं, तेव्हा १८४१ मध्ये तो स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाला. म्हणजे वाफ्यात पाणी कसं वळवायचं, हे त्याला इंग्रजी व्याकरणाच्या आधी येत असणार. पुढं शेतकऱ्यांविषयी त्यानं जे लिहिलं त्याला मातीचा वास का आहे, हे कोडं मला तरी पडत नाही.

मी घरभर फिरते आहे ती त्या शेतासाठी. कोनाडे बघते, तुळया बघते, पडवीत उभं राहून अंदाज बांधते. बी-बियाणं कुठं ठेवत असतील? फुलं ओवायला बायका कुठं बसत असतील? बैल होते का, आणि असले तर दावण कुठं? यातलं काही मला दिसत नाही. मुलींची शाळा, बालहत्या प्रतिबंधक गृह, सत्यशोधक समाज, हे सगळं चित्रांत आहे, आणि ते असायलाच हवं. पण स्मारक झालं की घरातलं रोजचं काम आधी बाहेर पडतं. चूल थंड होते, खुंटीवरचं मुंडासं जातं, आणि राहतात खांब. महाराष्ट्रातल्या कुठल्याही थोर माणसाच्या जन्मघरात जा, घर लख्ख असतं आणि त्यात कुणी कधी घाम गाळला असेल अशी शंकाही येत नाही.

परसात समाधी आहे. जोतिराव २८ नोव्हेंबर १८९० रोजी गेले. देह मिठात घालून इथंच पुरावा अशी त्यांची इच्छा होती. वस्तीत दफनाला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. जिचे ते काही वर्षं सभासद होते तीच ही नगरपालिका. शेवटी दहन झालं आणि रक्षा इथं आणून ठेवली. दत्तक मुलगा यशवंतराव डॉक्टर झाला होता. त्याच्या पश्चात घरच्यांच्या हाती हा वाडाही राहिला नाही, विकावा लागला. पुढं समाजानं तो सोडवला आणि आज तो राज्य संरक्षित स्मारक आहे.

आजोबा समाधीला हात लावून कपाळाला लावतात, टोपी नीट करतात आणि विचारतात, "आनि शेत कुठंय त्यांचं?"

"मांजरीला घेतलं होतं. हडपसरच्या पुढं."

"लांब हाय?"

"बसनं जावं लागेल."

ते मुलाकडं बघतात. मुलगा घड्याळाकडं. त्यांना आळंदी गाठायचीय. मला कुठंच गाठायचं नाहीये, तेव्हा मी स्वारगेटला येऊन हडपसरची बस पकडते.

खिडकी मिळते, पण ज्याच्यासाठी बसले तो कालवा खिडकीतून नीट दिसत नाही. मुठा उजवा कालवा खडकवासल्याहून निघतो, पर्वतीच्या पायथ्यानं शहरात शिरतो आणि पूर्वेला हडपसर, लोणीकडं निघून जातो. झोपड्या, सोसायट्यांच्या मागच्या भिंती, पूल, जाळ्या यांच्यामधून तो गुपचूप वाहतो. २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ त्याची भिंत फुटली आणि वस्तीत पाणी घुसलं, तेव्हा कित्येक पुणेकरांना आपल्या शेजारून कालवा जातो ही बातमी पहिल्यांदा लागली. शहराला तो अडचण वाटतो. पण हडपसर-मांजरीची सारी हिरवाई, ऊस आणि पालेभाजी, त्यानंच उभी केली.

खडकवासल्याचं धरण १८७०च्या दशकात बांधून झालं. जोतिराव तेव्हा ठेकेदारी करत. या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवलं होतं. कालव्याला पाणी आलं तरी शेतकरी ते घ्यायला कचरत होते. पाणीपट्टीची धास्ती, जमीन खराब होईल ही भीती. तेव्हा जोतिरावांनी मांजरीला जमीन घेऊन स्वतः बागायत करून दाखवली, असं सांगतात. दुसऱ्याला सांगण्याआधी आपल्या वाफ्यात पाणी सोडणारा सुधारक आपल्याकडं विरळा. १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. डोंगरउतारावरून येणारं पाणी आणि गाळ शेतातच मुरावा म्हणून छोटे बंधारे घाला, फौजेतल्या आणि पोलिसातल्या रिकाम्या हातांना या कामाला लावा, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शिक्षण द्या, असं त्यात मागितलं आहे. आज पाणलोट विकासाचे जे फलक गावोगाव दिसतात, त्यावरचा बराचसा मजकूर त्यात आलेला आहे. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले होते. त्याला नाटकीपणा म्हणणारे तेव्हाही असतील. पण मांजरीला शेती करणाऱ्या माणसाला तो वेश भाड्यानं आणावा लागला नसणार.

आणि मंडई! १८८६ ची ती दगडी रे मार्केटची इमारत. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असं म्हणत जोतिरावांनी तिला विरोध केला होता. आचार्य अत्र्यांनी पुढं तिलाच त्यांचं नाव मिळवून दिलं. पुण्याला उपरोध कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी मंडईत जाऊन भाजी घ्यावी.

बस फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी करत सरकतेय. सोलापूर रस्त्यावर गाड्यांची रांग आहे. हडपसरच्या या पट्ट्यात शेतमळ्यांचं काय काय झालं, त्याचा एक मासला म्हणजे सीरम इन्स्टिट्यूट. पूनावाला घराण्याचा इथं घोड्यांचा स्टड फार्म होता, १९४६ पासूनचा. उतारवयातले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडं जात, त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम करायला. हे काम आपणच का करू नये, असं म्हणत सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये फार्मच्याच जागेत कारखाना काढला. कोविशिल्डची कुपी निघाली ती त्याच कारखान्यातून. पागेपासून लशीपर्यंत एका घराण्याची जमीन इतक्या दूर गेल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

मी मगरपट्ट्याला उतरते.

कमानीतून आत गेलं की आवाज एकदम कमी होतो. रुंद रस्ते, सारख्या उंचीची झाडं, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण मंडळी सायबरसिटीकडं निघालेली. चहाच्या टपरीसाठी त्यांना कमानीबाहेर यावं लागतं, एवढीच काय ती त्यांची शेतीशी ओळख असावी, कारण टपरीवाला ऊस-पट्ट्यातलाच दिसतो. अदिती गार्डनमध्ये बाकांवर ज्येष्ठांची बैठक भरलीय. मी एका कडेच्या बाकावर बसते. शेजारचे पांढऱ्या शर्टातले गृहस्थ मोबाईल खिशात ठेवतात आणि आपणहून विचारतात, "नवीन राहायला आलात?"

नाही म्हटल्यावर, आणि कशासाठी आले ते सांगितल्यावर, ते बूट काढून मांडी घालतात. आता वेळ जाणार, हे दोघांनाही कळतं.

"तुम्ही बसलाय ना, त्याच्या मागं आमचा ऊस. तिकडं ते टॉवर दिसतात तिथं चुलत्यांची वांगी, फ्लॉवर. विहीर पार्किंगखाली गेली. पाणी कालव्याचं, पण विहीर लागायचीच."

"आणि घर?"

"घर मळ्यात. चार खण, पुढं पडवी, बाजूला गोठा. गूळ करायचो तेव्हा गुऱ्हाळ पलीकडं."

मगरपट्ट्याची गोष्ट वर्तमानपत्रांत अनेकदा आलेली आहे. पण ती या माणसाच्या शेजारी बसून आठवली की वेगळी लागते. १९८०च्या दशकातल्या विकास आराखड्यात हा भाग पुढं-मागं शहर होणार, हे दिसू लागलं होतं. डोक्यावर नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची टांगती तलवार होतीच. बिल्डर एकेकाला गाठू लागले होते. चारशेहून जास्त एकर आणि सुमारे १२० कुटुंबं, बहुतेक मगर भावकीतली. कृषी पदवीधर असलेल्या सतीश मगरांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. कुणी सुटी जमीन विकायची नाही. सगळ्यांनी मिळून कंपनी काढायची, ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. आराखडा हफीज कॉन्ट्रॅक्टरांनी केला आणि २०००च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. काही कुटुंबांतली मुलं वाळू, विटा पुरवू लागली, काहींनी ठेके घेतले.

"सगळे लगेच तयार झाले?"

ते हसतात. "भावकी ती. बांधावरून कोर्टात गेलेले लोक. एका बांधावर बसवायचे म्हणजे..." वाक्य अर्धंच सोडून ते शेजारच्याला हाक मारतात, "काय हो, किती बैठका झाल्या?" शेजारचे फक्त हात वर करतात.

याच काळात आसपासच्या गावांत काय चाललं होतं, ते पुण्यातल्या कुणालाही सांगायला नको. गुंठ्या-गुंठ्यानं जमीन गेली. अंगठ्या, साखळ्या, बुलेट, मग मोठी गाडी, आणि चार वर्षांत त्याच जमिनीवरच्या सोसायटीत वॉचमनची नोकरी. गुंठामंत्री म्हणून आपण त्यांना हसलो. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे फ्लॅट त्याच गुंठ्यांवर आहेत, ही गोष्ट वेगळी. त्या तुलनेत इथल्या मंडळींनी शहाणपण केलं, यात शंका नाही. आणि शेती गेली म्हणून बागेतल्या बाकावर बसून हळहळायचा अधिकार मला नाही. रात्री दोनला लाईट आल्यावर पाणी धरायला मी कधी गेलेली नाही.

"मळ्यातलं घर कधी पाडलं?"

"पहिल्या टप्प्यात. वडील होते तेव्हा. आले नाहीत बघायला." जरा थांबून म्हणतात, "सागवानी तुळया होत्या. काढून ठेवल्या, पावसात पडून राहिल्या. मग एका हॉटेलवाल्यानं नेल्या. एक मी ठेवली. फ्लॅटमध्ये आहे, टीव्ही आहे तिच्यावर."

सकाळचं गंज पेठेतलं घर मला आत्ता आठवतंय. तिथं तुळया जागच्या जागी आहेत, सरकारी नोंदीत आहेत, आणि शेत कुठं ते विचारायला परभणीहून कुणी यावं लागतं. इथं जमिनीवरचा हक्क शेअरच्या कागदावर शाबूत आहे, आणि घराची एक तुळई टीव्हीखाली. शेतकऱ्याचं घर आणि त्याचं शेत ही एकाच प्रपंचाची दोन अंगं. पुण्यानं दोन्ही एकत्र राखलेली मला आठवत नाहीत. वाडा वाचला तर स्मारक म्हणून, जमीन वाचली तर भांडवल म्हणून. वारसास्थळांच्या याद्या आपण दगड, चुना, कोरीव काम बघून करतो. चार खणांचं घर, गोठा, विहीर आणि त्यांच्याभोवतीचे वाफे हे सगळं मिळून एक वास्तू असते, हे त्या यादीत बसत नाही, कारण वाफ्याला दर हंगामाला मोडून पुन्हा बांधावं लागतं. तो जुना कधी होतच नाही.

गृहस्थ बूट घालतात. नातवाला शाळेच्या बसवरून आणायचंय. "पोराला सातबारा दाखवला मागं," जाता जाता सांगतात, "म्हणाला, बाबा, ह्याचं लॉगिन काय?"

गाडीतळावरून मांजरीला रिक्षा मिळते, शेअरची. रस्त्यानं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची पाटी लागते. ऊस आणि द्राक्ष या महाराष्ट्राच्या दोन लाडक्या पिकांच्या संशोधनसंस्था याच गावात आहेत, आणि त्यांच्या कुंपणाबाहेर टॉवर वाढतायत. दोन टॉवरच्या मध्ये मात्र अजून एखादा मेथीचा तुकडा सापडतो, इतका हिरवा की आधी नर्सरी वाटते. जोतिरावांनी कसलेली जमीन नेमकी कुठली, ते मी रिक्षावाल्याला विचारून बघते. तो म्हणतो, "फुलेंची का? इथं सगळे तेच सांगतात."

बाजार समितीच्या उपबाजारात दुपार उलटलेली आहे. इथं शेतकरी आपला माल आपणच विकतो. घेणारे पेठांतले, कॅम्पातले, हडपसरचे किरकोळ विक्रेते. कोथिंबीर, मेथी, पालक, चाकवत, सगळं ओलं, सगळ्याला चिखल. भाव जुडीचा नव्हे, शेकड्याचा. मी मेथीच्या एका ढिगापाशी उभी राहते. ढिगामागं पंचेचाळिशीतला माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"इथलीच का?"

"मांजरीची म्हणूनच विकतो. मळा थेऊरकडं."

"तिकडं जमीन आहे?"

"खंडानं करतो. इथली होती, भावांचं वाटप झालं, थोडी रस्त्यात गेली, राहिली ती बिल्डरला. माझ्या वाटणीचं घर तेवढं हाय गावठाणात. पुढचा सोपा मेडिकलला दिलाय भाड्यानं, मागं आम्ही."

"घर जुनं आहे?"

"आज्यानं बांधलेलं. भिंत बघा एकदा, हातभर." तो दोन्ही हातांनी जाडी दाखवतो, तेवढ्यात एक बाई येऊन जुडी उचलते, देठ मोडून बघते.

"शेकडा?"

"बाराशे."

"आठशे."

"मावशी, गुरुवार हाय आज."

"गुरुवारी मेथीची पूजा असती व्हय? नऊशे."

"हजार, आणि उचला."

मावशी पिशवीतून पोतं काढतात. तो पाच-पाच जुड्या एका हातात धरून मोजायला लागतो, आणि माझ्याकडं न बघता म्हणतो, "ताई, जरा सरका तिकडं. टेम्पो मागं येतोय."